हेरिंगच्या पिंपाच्या स्की

गुनवोरने इंगेब्रिक्तकाकांच्या दुकानातून आणलेलं पिंप रिकामं होतं, पण वास मात्र त्यात अजून काठोकाठ भरलेला होता.

पिंप हेरिंग माशाचं. थंडी सुरू होताना खाऱ्या माशांनी गच्च भरून गावात आलं, आणि फेब्रुवारीत शेवटचा मासा कुणाच्या तरी बटाट्यांशेजारी जाऊन बसला, तेव्हा मोकळं झालं. त्याच्या बदल्यात गुनवोरने पुढचे दोन शनिवार दुकान झाडून द्यायचं कबूल केलं होतं. आता ती ते बर्फातून गडगडवत घरी नेत होती, आणि मागून गावातली तीन मांजरं शेपट्या उभारून, लग्नाच्या वऱ्हाडासारखी रांगेत चालली होती.

अंगणात तिचा भाऊ यर्मुन्ड स्कीच्या तळाला, ती बर्फाला चिकटू नये म्हणून, डांबर लावत बसला होता. त्याने आधी वास घेतला आणि मग मान वर केली.

"हे काय? हुंड्यात देणार आहेत का तुला?"

"माझ्या स्की आहेत त्या."

"कुठे?"

"आत," गुनवोर म्हणाली आणि पिंपावर थाप मारली. "अजून बाहेर यायच्यात."

यर्मुन्ड इतका हसला की डांबराचा ब्रश त्याच्या स्वतःच्याच गुडघ्यावर पडला. मांजरंही थांबून बघायला लागली.

हसण्यासारखं होतंच म्हणा. आपल्या नॉर्वेत पोर जन्मलं की आधी त्याचं नाव ठेवतात आणि लगेच त्याच्या स्कीला लाकूड कुठलं, ह्याचा विचार सुरू होतो. लाकूड अॅशच्या झाडाचं, सरळ रेषांचं, दोन वर्षं वाळवलेलं. पोराने हात डोक्यावर सरळ उंच करायचा; त्याच्या मनगटाला टेकेल एवढी स्की लांब. पण गुनवोरच्या घरी अशी जोडी एकच होती. ती वडिलांकडून धाकट्या काकांकडे, काकांकडून यर्मुन्डकडे आली होती, आणि पुढे त्याचे पाय तिच्यातून बाहेर आले की मग गुनवोरचा नंबर. यर्मुन्ड चौदा वर्षांचा, गुनवोर तेरा. त्याचे पाय कधी बाहेर येतील ह्याची वाट बघत ती चार हिवाळे म्हातारी झाली होती.

एरवी तिने अजूनही वाट पाहिली असती. पण सोमवारी हाउगेन मास्तरांनी फळ्यावर एक कागद लावला.

शहरात जिल्ह्याच्या शाळांचा स्कीचा मेळा होता. प्रत्येक गावातून दोन मुलं. आगबोटीने जायचं, आगबोटीने यायचं, खर्च जिल्ह्याचा. कोण जाणार, हे रविवारी स्टुरहाउगच्या उतारावर ठरणार.

आगबोट! दर गुरुवारी सकाळी अकराला ती खाडीच्या वळणावर शिटी मारायची. वर्गात तेव्हा नेमकं भूगोल चाललेलं असायचं, आणि गुनवोर नकाशावरचं बोट सोडून खिडकीकडे बघायची. बोटीवर खाली एक खोली आहे, तिथे दालचिनीचे गोड पाव गरम मिळतात, शहराच्या धक्क्यावर विजेचे दिवे एका रांगेत असतात, हे सगळं तिला ऐकून माहीत होतं. तेरा वर्षांत ती खाडीच्या त्या वळणापलीकडे गेली नव्हती. बोट जायची, धूर थोडा वेळ राहायचा, आणि मग मास्तर विचारायचे, "गुनवोर, डॅन्यूब कुठे गेली?"

"वळणापलीकडे, मास्तर."

तिने तो कागद तीनदा वाचला. पंधराच्या आतलं वय. स्की स्वतःची. उतारावरून, मधल्या उंचवट्यावरची उडी घेऊन, कुणाही माणसाच्या मदतीशिवाय, उभ्याने खाली यायचं. हात किंवा काठी जमिनीला लागली तर गुण कमी. खाली स्प्रूसच्या झाडाच्या फांद्या आडव्या ठेवलेल्या असतील, त्यांच्या आत टेलेमार्कमध्ये, म्हणजे एक पाय पुढे, गुडघे वाकवून, हात पसरून थांबायचं. गुण वीसपैकी, डौलाला. वेळ मोजणार नाहीत.

"मुलगे" असा शब्द त्यात कुठेही नव्हता. तो लिहायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. एवढ्या फटीतून गुनवोर आत शिरली.

"यर्मुन्ड, तुझं झालं की पाच मिनिटं मला दे ना स्की," तिने त्याच संध्याकाळी विचारून पाहिलं.

"नियम वाचला नाहीस? स्की स्वतःची!" तो म्हणाला. असा आनंदाने म्हणाला की त्याच क्षणी तिला इंगेब्रिक्तकाकांचं पिंप आठवलं.

पिंपाच्या कड्या काढायला मात्र आजोबाच लागले. आन्फिन आजोबांनी चाळीस वर्षं पिंपंच बनवली होती. त्यांनी हातोडीने तीन ठोके इकडे, तीन तिकडे मारले आणि पिंप फुलासारखं उमललं. फळ्या बर्फावर पसरल्या. गुनवोरने त्यातल्या सगळ्यांत रुंद दोन निवडल्या आणि उभ्या धरून पाहिल्या. मनगट राहिलं लांब, त्या कशाबशा तिच्या छातीपर्यंत येत होत्या.

"आखूड आहेत," ती म्हणाली.

"पिंप तुझ्या उंचीचं करायला कुणी सांगितलं नव्हतं मला," आजोबा म्हणाले. "आणि ही बघ दुसरी गंमत. पिंपाला पोट असतं. म्हणून फळी दोन्ही टोकांना वर वळलेली. स्कीला एकच नाक असतं, ह्यांना दोन आहेत."

"मग पुढचं कुठलं?"

"तू जिकडे जाशील ते."

ते दोघे दोन दिवस शेडमध्ये होते. आजोबांनी रंध्याने फळ्यांचा तळ साफ केला. पट्ट्यांसाठी गुनवोरने बर्चच्या कोवळ्या फांद्या वाफवून पिळल्या, आणि त्यात पाय अडकवायला आईच्या फाटक्या बुटाचं चामडं शिवलं. काठी म्हणजे झाडूचा दांडा. दुकानातल्या जुन्या झाडूचा, काकांनी तोही देऊन टाकला. सगळ्यांत शेवटी डांबर लावायचं होतं. आणि इथे आजोबांनी बोट वर केलं.

"थांब. हे मिठाचं लाकूड आहे. पाच महिने खाऱ्या पाण्यात मुरलंय. मीठ प्यालेलं लाकूड डांबर पीत नाही. आधी तीन दिवस ओढ्यात बुडवून ठेव, वाहत्या पाण्यात. मीठ निघून जाईल."

"आजोबा, आज शुक्रवार आहे!"

"लाकडाला वार कळत नाही, पोरी."

पण गुनवोरला कळत होता. ओढ्यावरचं बर्फ फोडून तिने फळ्या एकदा ह्या बाजूने, एकदा त्या बाजूने खळखळून घेतल्या, चुलीपाशी वाळवल्या आणि आजोबांना दुपारची डुलकी लागल्यावर गरम डांबर फासलं. फळ्या मस्त काळ्या झाल्या. चमकायला लागल्या. जिभेचं टोक लावून पाहिलं असतं तर कळलं असतं, पण स्कीला जीभ कोण लावतं?

रविवारी ऊन पडलं. असं ऊन की छपरांवरून थेंब गळायला लागले. चर्च सुटल्यावर सगळं गाव स्टुरहाउगच्या पायथ्याशी जमलं. कॉफीच्या किटल्या आल्या, तपकिरी चीज लावलेल्या भाकऱ्या आल्या, आणि एका बाकावर तीन परीक्षक येऊन बसले: हाउगेन मास्तर, दुकानाचे इंगेब्रिक्तकाका आणि पाद्रीणबाई. पाद्रीणबाईंना घेतलं होतं ते त्यांच्या घराच्या अंगणातून टेकडीवर जायची वाट होती म्हणून. त्यांचं घर अगदी वर, उतार जिथे सुरू होतो त्याच्या शेजारी. कुंपणाच्या आत त्यांच्या बकऱ्या ऊन खात उभ्या होत्या आणि मध्यभागी, शेणाच्या ढिगावर, बिशप.

बिशप हा बोकड. दाढी पांढरी, चाल गंभीर, नजर अशी की बघणाऱ्याला आपली पापं आठवावीत. नाव पाद्रीणबाईंनी ठेवलं नव्हतं, गावाने ठेवलं होतं. पाद्रीबुवांनी एक वर्ष विरोध केला आणि मग तेही त्याला बिशपच म्हणायला लागले. उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणातून सगळा कळप घरी आणायचा तर पाद्रीणबाई फक्त एप्रनच्या खिशातून चिमूटभर मीठ काढायच्या. मिठाचा वास बिशपला अर्ध्या कोसावरून यायचा.

वर अकरा मुलं रांगेत उभी राहिली. दहा मुलगे आणि शेवटी गुनवोर, छातीएवढ्या काळ्या फळ्या घेऊन.

"ए हेरिंग!" यर्मुन्ड पुढून ओरडला. "बटाटे आणलेस का बरोबर?"

"तूच आहेस की, बटाट्या!"

खालून मास्तरांनी भोंगा तोंडाला लावला. "गुनवोर! तू प्रेक्षक आहेस की स्पर्धक?"

"कागदात काय लिहिलंय मास्तर?" तिने वरून विचारलं.

मास्तरांनी खिशातून कागद काढला. चष्मा लावला. कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली. लिहिलेल्या शब्दापुढे मास्तरांचं स्वतःचंसुद्धा काही चालत नसे. "स्पर्धक," शेवटी ते म्हणाले.

मुलं एकेक करून सुटली. लाकूडवखारीतला तोर्लाइफ पहिला गेला आणि असा गेला की टाळ्या थांबेनात. अठरा गुण. मग बाकीचे. कुणी उडीच्या उंचवट्यावर बसकण मारली, कुणी फांद्यांच्या पार पुढे कॉफीच्या किटल्यांमध्ये घुसला. यर्मुन्ड झकास आला, पण उतरताना डावा हात जरासा, अगदी कुरवाळल्यासारखा, बर्फाला लागला. साडेचौदा. तरी दुसरा! त्याने टोपी उडवली आणि वर बघून गुनवोरला आगबोटीच्या शिटीचा आवाज काढून दाखवला. फूऽऽ!

शेवटी गुनवोर.

तिने पाय चामड्यात अडकवले, दांडा रोवला आणि स्वतःला ढकललं.

काही झालं नाही.

तिने पुन्हा ढकललं. फळ्या हलल्या नाहीत. उन्हाने लाकडातलं मीठ डांबराला फोडून बाहेर आलं होतं, मिठाने खालचं बर्फ विरघळलं होतं, आणि विरघळलेल्या बर्फाने तळाला हे एवढे गोळे धरले होते. स्की नव्हत्या त्या, लाकडी चपला झाल्या होत्या. "तीन दिवस ओढ्यात," आजोबांचा आवाज कानात आला. खाली सगळं गाव मान वर करून बघत होतं आणि आन्फिन आजोबा गर्दीत मान खाली घालून उभे होते. त्यांना कळलं होतं.

"हेरिंगला पोहता येत नाही वाटतं!" यर्मुन्ड खालून ओरडला, आणि लोक हसले.

गुनवोरचे कान तापले. उतार समोर होता, त्याच्या पलीकडे खाडी होती, खाडीचं वळण दिसत होतं आणि ती एका जागी खिळ्यासारखी उभी! तिने दात खाल्ले, फळ्या आपटल्या, पायांनी ओरखडे काढले. निम्मे गोळे पडले. निम्मे राहिले.

तेवढ्यात मागून काहीतरी मोडल्याचा आवाज आला.

ते पाद्रीणबाईंचं कुंपण होतं. बिशप ढिगावरून उतरला होता. तो घाईत नव्हता. नाक वर करून, दाढी हलवत, मोडलेल्या फळीवरून पाय उचलून तो चर्चमध्ये शिरावा तसा आला, गुनवोरच्या मागे थांबला, आणि तिच्या उजव्या स्कीचं टोक चाटायला लागला.

"हट्!" गुनवोर म्हणाली. त्याला हाकलायला ती उड्या मारत पूर्ण वळली. आता तोंड बोकडाकडे आणि पाठ उताराकडे. "हट् म्हटलं ना! बिशप! बघतायत सगळे!"

बिशपने डावी स्की चाटली. मग उजवी परत. लपालपा, मन लावून, गोळ्यांसकट, बर्फासकट. पाच महिन्यांचं मुरलेलं मीठ! असं सुख त्याला आयुष्यात मिळालं नसेल. गुनवोरने त्याच्या शिंगांना झाडूचा दांडा लावून हलकेच ढकललं.

हे तिने करायला नको होतं. बिशपला चाटताना कुणी ढकललेलं चालत नसे.

त्याने डोळे बारीक केले, दोन पावलं मागे गेला, शिंगं खाली घातली आणि थेट तिच्या पोटात धडक दिली.

फळ्या सुटल्या! उरलेले गोळे फटकन तुटले आणि गुनवोर उलटी, पाठ पुढे करून, स्टुरहाउगच्या उतारावरून निघाली. खऱ्या स्कीचं शेपूट सपाट असतं, ते कधीच बर्फात रुतलं असतं आणि तिचा तिथेच ढीग झाला असता. पण ह्यांना दोन नाकं होती. आजोबा म्हणाले होते, पुढचं कुठलं, तर तू जिकडे जाशील ते. फळ्या सुसाट सुटल्या, जणू त्यांना कायम असंच जायचं होतं.

तिला दिसत होतं ते फक्त मागे पडणारं आकाश, आणि तिच्या पाठोपाठ निघालेला बिशप. मीठ असं पळून जाताना तो बघत राहणार नव्हता. तो पहिल्या चार उड्या पळत आला, मग त्याचे पाय निसटले आणि तो ढुंगणावर बसून, चारी खूर पुढे करून घसरत यायला लागला. चेहरा तसाच गंभीर.

गुनवोरला हसू फुटलं. भीती वाटायला वेळच मिळाला नाही, कारण आधी हसू आलं. आणि हसतानाच पायाखालची जमीन नाहीशी झाली. उंचवटा! ती हवेत होती. गुडघे वाक, हात पसर, अंग ताठ धरू नकोस, असं शेडमध्ये आजोबा सांगायचे. तिने सगळं केलं, फक्त उलट्या दिशेने. धप्प. फळ्या खाली टेकल्या, ती डगमगली, एक पाय पुढे सरकला की मागे ते देव जाणे, गुडघे वाकले, हात पक्ष्यासारखे पसरले, आणि ती बर्फाची धूळ उडवत थांबली.

तिने पायाखाली पाहिलं. स्प्रूसच्या फांद्या. ती त्यांच्या आत होती, परीक्षकांकडे पाठ करून.

मग बिशप आला. वाटेत तो तीनदा कोलमडला होता. उठला, अंग झटकलं, आणि तिची उजवी स्की चाटायला लागला.

नंतर जो गलका उठला, तो म्हणे खाडीच्या पलीकडे ऐकू गेला.

"बाद!" इंगेब्रिक्तकाका उठून उभे राहिले. "उलटी आली! मास्तर, पोरगी उलटी आली!"

मास्तरांनी कागद काढला. "'उभ्याने', असं लिहिलंय. तोंड कुठे हवं, ते लिहिलेलं नाही."

"अहो, पण बोकडाने ढकललं! मदत झाली ना!"

मास्तरांनी बोट ओळीवर ठेवलं. "'कुणाही माणसाच्या मदतीशिवाय.'" त्यांनी चष्म्यावरून बिशपकडे पाहिलं. "पाद्रीणबाई, हा आपला."

पाद्रीणबाई लाल झाल्या होत्या. कुंपण त्यांचं, बोकड त्यांचा, आणि पाद्रीबुवा गर्दीत तोंडावर रुमाल धरून उभे होते. "माणूस नाही तो," त्या घाईघाईने म्हणाल्या. "नावावर जाऊ नका."

"टेलेमार्क तरी होता का तो?" काकांनी शेवटचा प्रयत्न केला. "पुढचा पाय कुठला, मागचा कुठला?"

तेव्हा आन्फिन आजोबा गर्दीतून पुढे आले. ते खाली वाकले, बिशपचं डोकं बाजूला सारलं आणि एक फळी हाताने थोपटली. "इंगेब्रिक्त, पिंप तुझ्याच दुकानातलं. सांग बघू, ह्याचं पुढचं टोक कुठलं?"

काकांनी इकडून पाहिलं. तिकडून पाहिलं. दोन्हीकडून सारखंच.

"मग ती पुढेच आली," आजोबा म्हणाले. "फक्त बघत मागे होती."

बराच वेळ तिघांची डोकी एकत्र होती. यर्मुन्ड टोपी हातात पिळत उभा होता. गुनवोरने स्की काढल्या नव्हत्या. बिशपचं चाटणं अजून चालूच होतं.

"तोर्लाइफ, अठरा," मास्तरांनी वाचलं. "गुनवोर..." ते थांबले. "हात सुरेख होते, असं पाद्रीणबाईंचं मत आहे. हात कुठेही लागला नाही, असं माझं मत आहे. इंगेब्रिक्त ह्यांचं मत मी वाचून दाखवत नाही. पंधरा."

साडेचौदा आणि पंधरा. अर्धा गुण! यर्मुन्डने आपल्या डाव्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो हात त्याच्या ओळखीचाच नाही.

गुनवोरला त्याच्याकडे बघून आगबोटीची शिटी मारायची होती. ओठ गोलही केले तिने. पण त्याचा चेहरा बघितल्यावर हवा तशीच सोडून दिली.

"एक अट आहे," मास्तर म्हणाले. "शहरात बोकड मिळणार नाही. गुरुवारपर्यंत सरळ यायलाही शीक."

त्याच दुपारी आजोबांनी दोन्ही फळ्या दोरीला बांधून ओढ्यात सोडल्या. ह्या वेळी दोरीचं दुसरं टोक गुनवोरनेच झाडाला बांधलं. सोमवार, मंगळवार, बुधवार; शाळा सुटली की ती आधी ओढ्यावर जाऊन बघायची की दोरी आहे ना, कारण बिशपने एकदा तिथेही चक्कर मारली होती. बुधवारी लाकूड चुलीपाशी वाळलं आणि असं घटाघटा डांबर प्यायलं की भांडं रिकामं झालं. संध्याकाळच्या उजेडात ती शेडमागच्या छोट्या उतारावरून सहा वेळा सरळ आली. दोनदा पडली.

सातव्यांदा चढताना तिला वर यर्मुन्ड उभा दिसला. तो बराच वेळ तिथे असावा. टोपीवर बर्फ साचलं होतं. काखेत अॅशच्या स्की होत्या, पण त्या त्याने घातल्या नव्हत्या.

"उलटं जाताना," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "वजन टाचेवर ठेवायचं की चवड्यावर?"

"का?"

"असंच. विचारलं."

"चवड्यावर. आणि हसायचं. हसलं नाही तर पडतो माणूस."

तो थोडा वेळ बुटाने बर्फ उकरत राहिला.

"गुनवोर, त्या पिंपाच्या अजून फळ्या असतील ना?"

"चौदा आहेत."

"मग दोन..."

"देते की." गुनवोरने काखेतला झाडूचा दांडा काढून त्याच्या हातात दिला. "पण मी शहरातून येईपर्यंत शनिवारचं दुकान तू झाडायचंस. आणि यर्मुन्ड, तीन दिवस ओढ्यात. नाहीतर मांजरांचं आणि बिशपचं तू बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला बोटीने वळणावर शिटी मारली. वर्गात डॅन्यूब चालली होती आणि खिडकीजवळचं एक बाक रिकामं होतं. शिटी ह्या वेळी दोनदा झाली. दुसरी जरा बारीक होती, आणि यर्मुन्ड पैजेवर सांगत होता की ती बोटीची नव्हतीच.